गाळलेल्या चौकटी

सोमवार, ४ फेब्रुवारी

नोकरी लागली! ह्या वयात, चौथी पास बाईला, पंख्याखाली खुर्चीत बसून करायची नोकरी. भांडी नाहीत, फरशी नाही, कुणाची रडकी पोरं नाहीत. खारीला फोनवर सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना. आई, नीट विचारलंस ना, कुणी बनवत तर नाही ना, असं दहादा विचारलं. म्हटलं, मला बनवणारा अजून जन्माला यायचाय.

खार म्हणजे माझी लेक, एकुलती एक. लहान असताना भाजलेले शेंगदाणे उशीच्या अभ्र्यात लपवून ठेवायची, म्हणून खार. आता तिचा स्वतःचा संसार आहे, रात्रभर गाडीत बसावं लागेल इतकी लांब राहते, पण पर्समध्ये शेंगदाण्यांची पुडी अजून असतेच. तिचा बाप गेल्यापासून माझ्याकडे राहायला चल म्हणून मागे लागली आहे. जावई भला आहे. पण भल्या माणसाच्या घरातसुद्धा साखरेचा डबा कुठे आहे ते विचारूनच घ्यावा लागतो. मला नाही जमायचं. म्हणून हे नवं गाव, ही नवी खोली. वहीसुद्धा तिनेच दिली. म्हणाली, घरात आता डाफरायला कुणी नाही, तर कागदावर डाफर.

तर डाफरते. खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडकीसमोर बेकरीची मागची भिंत. पावाचा वास फुकट. नळाचा वायसर गेलाय, सारखा ठिबकतो. घरमालकीण म्हणाली, होईल सवय. मी म्हटलं, तुम्हाला भाड्याशिवाय राहायची सवय होणार असेल तर मलाही होईल. उद्या बसवते म्हणाली.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

काम काय ते आता कळलं. कुणी कर्ज घेतलं, कुणी बुडवलं, ह्याची सगळ्या लोकांची नोंद ह्या कचेरीत असते. त्याला पत म्हणतात. साहेब पहिल्या दिवशी म्हणाले, इथे पतीचा कागद मिळतो. मी म्हटलं, पती तर माझा गेला, आता त्याचा कागद घेऊन काय करू. साहेब हसले नाहीत. तेव्हाच ओळखलं, ह्या माणसाशी जपून.

कायद्यानं प्रत्येकाला वर्षातून एकदा आपला कागद फुकट बघता येतो. त्यासाठी अर्ज भरायचा. आणि तो अर्ज भरताना माणसाला किती वेळ लागतो, किती डोकं खाजवावं लागतं, ते कचेरीनं दर वर्षी वरच्या खात्याला कळवायचं. त्याला ओझं म्हणतात. ह्या वर्षीचं ओझं गेल्या वर्षीपेक्षा कमी दिसलं पाहिजे, नाहीतर वरून विचारणा येते. म्हणजे फुकट द्यायचं, आणि वर किती त्रास दिला ते मोजून सांगायचं. जगात काय काय उद्योग चालतात!

शिकलेला माणूस भराभर लिहितो, त्याच्यावरून ओझं कळत नाही. म्हणून त्यांना माझ्यासारखं साधं, अडखळत लिहिणारं माणूस हवं होतं. मी रोज तोच अर्ज माझ्याच नावानं भरायचा, साहेब समोर घड्याळ घेऊन बसणार. माझ्या जागेचं नावच 'नमुना'. सासू जन्मभर मला नमुनाच म्हणायची. बिचारी आज असती तर दाखवलं असतं, त्याचा पगार मिळतो म्हणून.

बाहेर खिडकीवर ही गर्दी. एक काका ओरडत होते, माझंच नाव मलाच किती वेळा विचारता, माझ्या लग्नात भटजीनंसुद्धा एवढ्यांदा विचारलं नव्हतं. रांगेतली बाई म्हणाली, तेव्हा विचारलं असतं तर तुमची बायको वाचली असती. सगळे हसले. करमेल इथे.

पॅसेजमध्ये बाकावर एक आजोबा बसलेले असतात. इस्त्रीचा शर्ट, पायांत मोजे. चहावाली येता-जाता त्यांच्या हातात कप देते. मी विचारलं, कुणाची वाट बघता? ते गोड हसले. बहिरे असावेत.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

आज माझं डोकं फिरलं. अर्जात एक चौकट आहे, आधीचा पत्ता. रोज रोज तो लांबलचक पत्ता लिहायचा. सायकलच्या दुकानावरचा माळा, लाकडी जिना, त्याची तिसरी पायरी फुटकी. अंधारात चढताना ह्यांचा पाय दर वेळी तिथेच अडकायचा, आणि दर वेळी हे सायकलवाल्याच्या नावानं शिवी हासडायचे. पंक्चरच्या सोल्युशनचा वास थेट भातापर्यंत यायचा. खार तिथेच चालायला शिकली. ते सगळं आठवत बसते आणि हात थांबतो. साहेबांना म्हटलं, सोडून आलेलं घर ह्यांना कशाला हवं? गेलेल्या घराचं काय लोणचं घालणार?

साहेबांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. लोणचंसुद्धा.

सोमवार, १८ फेब्रुवारी

नवा अर्ज आला. आधीच्या पत्त्याची चौकट गाळली! माझ्या एका वाक्यावर कायद्याचा कागद बदलला. साहेबांनी सगळ्यांसमोर नाव घेतलं. चहावाली नाक मुरडत म्हणाली, आल्या आल्या साहेबांच्या मर्जीतल्या झालात की. म्हटलं, मर्जी नाही बाई, जीभ आहे. तुझ्याकडेही आहे, पण तू ती कपात बुडवून ठेवतेस.

संध्याकाळी खारीचा फोन. सांगत होती, सायकलवाले काका गेले, कळलं का? मी विचारलं, कोण सायकलवाले? ती हसली. मीही हसले. पण मला खरंच कळलं नव्हतं. म्हाताऱ्या लोकांच्या बातम्या, कोण लक्षात ठेवतंय.

बुधवार, २७ फेब्रुवारी

दुसरी चौकटही उडवली. लग्नाआधीचं आडनाव. मी साहेबांना रोखठोक विचारलं, पुरुषांना का नाही ही चौकट? बाईनंच दोन-दोन आडनावांची गाठोडी का वाहायची? एक टाकून आले, तेव्हाच टाकलं. साहेबांनी मान डोलावली. म्हणाले, तुम्ही फार मोलाचा नमुना आहात, ओझं कमी झालं की लोकांना हलकं वाटतं.

खिडकीवर आता रांग भरभर सरकते. भांडणं कमी झाली. ते ओरडणारे काका आज परत आले होते, आपला कागद न्यायला. नवा अर्ज भरला, कागद घेतला, आणि फाटकाशी उभे राहून वॉचमनला विचारत होते, मी आलो कुठल्या बाजूनं. वॉचमनला वाटलं, थट्टा करतायत.

शुक्रवार, ८ मार्च

काल कुणाचा तरी फोन आला. अक्का, कशी आहेस, मी बोलतोय, असं सुरू केलं. मी म्हटलं, मी कुणाची अक्का नाही, राँग नंबर. तो म्हणाला, रागावलीस का अजून? मी फोन ठेवून दिला. हल्ली असे फोन करून फसवतात.

आज खार फोनवर रडली. म्हणे मामाला असं तोडून का बोललीस, तो रात्री जेवला नाही. मी म्हटलं, कुठला मामा? ती म्हणाली, आई, पुरे हं आता. तिनं बराच वेळ फोन ठेवला नाही. नुसता श्वास ऐकू येत होता.

मंगळवार, १२ मार्च

आज रजा घेतली आणि ही वही पहिल्यापासून वाचली.

सायकलचं दुकान, लाकडी जिना, तिसरी पायरी, भाताला वास. अक्षर माझंच. ल ला माझंच लांब शेपूट. पण घर माझं नाही. शेजारच्या बाईनं तिच्या घराबद्दल सांगावं आणि आपण मान डोलावत ऐकावं, तसं वाटलं. मी डोळे मिटून जिना चढायचा प्रयत्न केला. पायरीच नाही. माहेरही आठवायला गेले. मोरी, अंगण, आईचा हात, काहीही चाललं असतं. दाढ काढताना सुई मारल्यावर ओठ बधिर होतो, चावला तरी कळत नाही, तसं आतून झालंय.

रडू यायला हवं होतं. वाट बघितली. आलं नाही. मग पाव आणून खाल्ला.

अर्जातून जे जातं ते माझ्यातून जातं. लिहून बघितलं, की लिहिलेलं खरं दिसतं की खुळ्यासारखं. खरं दिसतंय.

खारीला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. म्हणाली, नोकरी सोड, ह्यांचा पगार झाला की महिन्याअखेरीला मी येते आणि तुला घेऊन जाते, आता एक शब्द बोलायचा नाही. मी बोलले नाही. साखरेचा डबा विचारून घेईन.

बुधवार, १३ मार्च

पण मी इतकी बावळट नाही. माझी पूर्ण नोंद कचेरीत आहेच की. जुना पत्ता, माहेरचं नाव, सगळं त्या फुकट मिळणाऱ्या कागदावर असणार. वर्षातून एकदा माझा हक्क आहे. नमुना म्हणून नाही, माणूस म्हणून रांगेत उभी राहिले.

खिडकीवरच्या मुलीनं ओळख पटवायला एक प्रश्न विचारला. चार पत्ते दाखवले, ह्यातलं तुमचं जुनं घर कोणतं. चारही सारखेच परके. वहीत वाचलेलं सायकलचं दुकान शोधलं. पत्त्यात दुकान लिहीत नाहीत, नुसती गल्ली आणि नंबर. एकावर बोट ठेवलं. चुकलं. मुलगी म्हणाली, सॉरी, तुम्ही तुम्ही आहात हे सिद्ध होत नाही. मी म्हटलं, अगं, मी तुझ्या पलीकडच्या खोलीत बसते. ती म्हणाली, ते मला माहीत आहे मावशी, यंत्राला माहीत नाही.

चहावाली सगळं ऐकत होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, बाकावरचे आजोबा म्हणजे तुमच्या आधीचे नमुना. तिच्या तोंडून पहिल्यांदा टोमणा नाही आला.

गुरुवार, १४ मार्च

रात्रभर विचार केला. माझं चालू घर अर्जात आहे, ते मला पाठ. माझं नाव अर्जात आहे, ते पाठ. जे अर्जात आहे ते राहतं. जे नाही ते जातं. आणि अर्जात खार कुठेच नाही.

म्हणून कामावर गेले. घरी बसून तिला कोण धरून ठेवणार? अर्जाच्या तळाशी पट्टी लावून मी स्वतः एक चौकट आखली. वर लिहिलं, मुलगी. आत तिचं पूर्ण नाव लिहिलं, आणि जागा उरली तिथे शेंगदाणे पण लिहिलं. साहेब घड्याळ थांबवून बघत राहिले. नियम असा की नमुन्यानं कागदावर जे केलं ते अहवालात मांडायचं. नमुन्याला आणखी एक चौकट हवीशी वाटली, असं त्यांनी मांडलं.

मंगळवार, १९ मार्च

छापून आली! 'आपलं लेकरू' अशी चौकट, सगळ्यांच्या अर्जावर. खिडकीवर एक बाई ती चौकट बघून तशीच उभी राहिली, मग तिनं आत एक आडवी रेघ मारली आणि पदराला डोळे पुसले. मला वाईट वाटायला हवं होतं.

पण खार लख्ख आठवते. अर्ज भरताना बोटांतून येते. तिच्या कानामागचा तीळ. गोवर झाला तेव्हा माझ्या मांडीवर झोपून सतत विचारायची, मी मरणार का, आणि मी म्हणायचे, माझ्या परवानगीशिवाय कोण मरतंय. लग्नात पाठवणीला रडली नाही, मला चिमटा काढून म्हणाली, आई, तू आधी. ही सगळी वाक्यं मी मोठ्यानं म्हणते. साहेब लिहून घेत नाहीत, नुसतं घड्याळ बघतात.

वेळ वाढतोय, म्हणाले.

सोमवार, २५ मार्च

जन्मतारखेची आणि आजच्या तारखेची, दोन्ही चौकटी गेल्या. वरून आदेश. मी ह्या वेळी 'कशाला' असं म्हटलंच नव्हतं. साहेबांना तसं सांगितलं तर त्यांनी जुना कागद काढून दाखवला. माझंच वाक्य. पहिल्याच आठवड्यात मी म्हणाले होते, तारीख काय भिंतीवर असते, ती कशाला हवी.

भिंतीवरचं कॅलेंडर बघून वरची तारीख लिहिली. आकडे वाचता येतात. त्यांचा अर्थ काय ते मात्र—

खार महिन्याअखेरीला येणार. महिन्याची अखेर कधी असते ते घरमालकिणीला विचारलं. ती म्हणाली, भाडं मागायला येईन तेव्हा समजा.

सकाळ

पत्र आलंय. वरच्या खात्याचं. ओझं वाढलं कसं, न विचारलेली चौकट आली कुठून, ताबडतोब गाळा.

मी साहेबांच्या टेबलावर हात आपटला. म्हटलं, माझं काहीही घ्या, नाव घ्या, घर घ्या, ती ठेवा. साहेब म्हणाले, बाई, मुळात ती आमच्या अर्जात नव्हतीच. अर्जात नव्हती तोवर तिला कोण गाळणार होतं? तुम्हीच तिला आत आणलीत.

मीच आणली.

हे त्यांनी फार हळू सांगितलं. त्यांनाही कुणी असेल का, म्हणून मी विचारलं. तुम्हाला मुलंबाळं? त्यांनी बराच विचार केला. म्हणाले, असावीत.

त्याच दिवशी

खाली छपाईच्या खोलीत पळत गेले. मशीन सुरू होतं. छपाईवाल्याचा हात धरला. म्हटलं, बंद कर रे बाबा, एक दिवस, माझी लेक निघाली असेल. तो म्हणाला, मी नुसता छापतो मावशी, गाळणारे वेगळे. हात मात्र त्यानं सोडवून घेतला नाही.

त्याला बायको, दोन पोरं, गावाकडचं घर, सगळं आठवतं. घडाघडा सांगितलं त्यानं. मी विचारलं, तुझं कसं राहिलं? म्हणाला, मी आजवर अर्जच केला नाही. फुकट म्हटलं की मला भीती वाटते.

वर आले. टेबलावर नवा अर्ज होता. अजून शाई ओली. मी भरायचा नाही असं ठरवलं. साहेबांनी घड्याळ लावलं. बसून राहिले. खार, कानामागे तीळ, गोवर, परवानगीशिवाय कोण मरतंय, आई तू आधी. खार, तीळ, गोवर. खार.

हात आपोआप चालतो. रोजची सवय—

नंतर

अर्ज छोटा झाला. नाव आणि सही. छान सुटसुटीत.

कुठला तरी वार

फोन वाजतो. उचलला तर एक बाई बोलते. गाडीत बसले म्हणते. सकाळी पोचते म्हणते. मी म्हटलं, या.

तिला वाईट वाटलं बहुतेक. या म्हटल्यावर म्हणाली, ये म्हण ना गं.

मला कोणी अगं म्हणत असेल का.

दुपार

कचेरीत एक बाई आली. थेट माझ्या टेबलापाशी. मला मिठी मारली. घामाचा वास, प्रवासाचा. आई आई करत होती. मी म्हटलं, बसा. तिच्या कानामागे तीळ होता. वहीत कुठेतरी तीळ वाचल्यासारखा वाटला, पण वही पिशवीत होती, काढली नाही.

तिनं पर्समधून पुडी काढली. माझ्या तळहातावर शेंगदाणे ठेवले, बोटं मिटवली, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी खाल्ले. खारट होते. चांगले होते. तिला तसं सांगितलं.

तेव्हा ती फार रडली. रांगेतली माणसं बघत होती, पण आता रांगेत कुणी काही बोलत नाही.

मग तिनं डोळे पुसले. साहेबांशी भांडली. तोंडाळ आहे. म्हणाली, माझ्या आईला काय केलंत, तिचा कागद द्या, मी एकेक ओळ वाचून दाखवते तिला. साहेब म्हणाले, त्यांचा त्यांनाच मिळतो. तुमचा हवा तर घ्या, फुकट आहे, वर्षातून एकदा. ती म्हणाली, द्या, माझ्या कागदावर तरी आईचं नाव असेल, तेच दाखवते.

तिनं पेन घेतलं. सही कुठे करायची ते तिला दिसेना. मला दया आली. माझं कामच ते. मी तिचं बोट धरून चौकटीवर ठेवलं. म्हटलं, इथे. काही त्रास नाही बाई. काही ओझं नाही.

छपाईवाला दारात आला होता. नको म्हणाला. कुणाला म्हणाला कोण जाणे.

तिनं सही केली.

शांत झाली. पर्स उघडून आत बघितलं. शेंगदाणे काढले, मला दिले. म्हणाली, घ्या ना मावशी. तुम्ही पण कुणाची वाट बघताय का.

मी म्हटलं, नाही.

बाकावर

आजोबा सरकले. ती मध्ये, मी कडेला. चहावालीनं तीन कप ठेवले. आमच्याकडे बघितलं नाही.

खारट वास येतो. शेजारून. बरं वाटतं. का ते—

ती झोपली. डोकं माझ्या खांद्यावर पडलं. जड आहे. मी हलले नाही.

आज

साहेब आले, घड्याळ घेऊन. इथेच, बाकाशी वाकून. नाव पण काढलंय. एकच चौकट. सही. म्हणाले, तेवढी राहिली. ही खरंच लागते का, नमुन्याचं मत सांगा.

खांदा दुखतोय. कुणाचं डोकं आहे ते. उठवावंसं वाटत नाही. साहेब थांबलेत. पेन माझ्या हातात. एवढ्याशा चौकटीसाठी किती वेळ घालवायचा माणसानं. मी म्हटलं, सही तरी आता कशाला—